रक्त मानवलं नाही

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडला नर्सिंग पुरं करून नुकतीच सरकारी नोकरीला लागले होते. घर हदगावच्या बाजूला, त्यामुळे बापाला वाटत होतं लेक नांदेडलाच राहील. पण नव्या जिल्ह्याला माणसं कमी पडत होती आणि सरकारने मला तिकडच्या एका तालुक्याच्या गावी नेऊन टाकलं. त्या गावाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. तिथल्या इस्पितळाच्या पाटीवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलं होतं, पण पेंटरने जुनं नीट खरवडलं नव्हतं. ऊन कललं की दोन्ही जिल्हे एकावर एक दिसायचे आणि पोटदुखीने आलेला माणूससुद्धा त्यावर हसून घ्यायचा.

आत हसण्यासारखं काही नव्हतं. पावसाने ओळीने दगा दिला होता. इस्पितळाची विहीर तळाला गेली होती. टँकर यायचा तो कधी सकाळी, कधी दुपारी, कधी यायचाच नाही. हॉर्न वाजला की नातेवाईक घागरी घेऊन पळायचे, आणि ज्यांना उठता येत होतं त्या बायाही सलाईनची सुई हाताने दाबून धरत त्यांच्यामागे निघायच्या. मी ओरडायचे. माझा आवाज मुळातच मोठा, तिथं तो आणखी वाढला. ऑपरेशनचे कपडे आणि हत्यारं उकळायला एक पिंप राखून ठेवलेलं असे, त्यावर मी भुजंगासारखी बसायचे. लोक मला तोंडावर सिस्टर म्हणत, मागे काय म्हणत ते मला माहीत होतं.

बायका यायच्या त्या रोजगार हमीवरून. पोटुशी असली तरी हातातली हातोडी सुटत नव्हती, खडी फोडली तरच चूल पेटणार. खालची पापणी ओढून बघावी तर पांढरीफटक. अशा बाईचं थोडं जरी जास्त गेलं तरी रक्त लागायचं, आणि रक्त आमच्याकडे नव्हतं. बाईचा नमुना नळीत घालून सकाळच्या जीपने लातूरला पाठवायचा, तिथं जुळवून रक्ताची काचेची बाटली मिळायची, ती बर्फाच्या डब्यात बसून दुपारी परत यायची. नळीवर आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवलेली असायची. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव.

इथंच सगळी मेख होती. आमच्याकडे निम्मं गाव एका आडनावाचं असतं. लग्नात नवरीचं नाव बदलतात, आणि बदलून ठेवायची नावं तीच ठरलेली, देवीची नाहीतर नदीची. एका गावच्या दोन बाया वॉर्डात आल्या की नाव एक, आडनाव एक, आणि फरक काय तो मधल्या नावात. ते मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं, आणि ते काही बाई तोंडातून काढत नाही. माझ्या आईचीही तीच गत. आमच्या घराने दीक्षा घेतली, देव बोळवले, उपासतापास सोडले, पण बापाचं नाव काही आईच्या तोंडी आलं नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला पुढे ढकलायची.

खाटेच्या नंबरावर जावं तर खाटा एका जागी राहत नव्हत्या. पत्र्याखाली अंगाची लाही व्हायची, म्हणून नातेवाईक खाटा ओढत ओसरीत न्यायचे, ओसरीतून लिंबाखाली. नंबर भिंतीवर राहायचा आणि बाई झाडाखाली.

त्या दुपारी अशाच दोघी होत्या. एकीचं मूल खडीवरच कच्चं पडलं होतं, अंगावरून जाणं थांबत नव्हतं. दुसरी दिवस भरलेली, अंगात रक्त नाही म्हणून आधीच आणून टाकलेली. दोघी एका गावच्या, एका आडनावाच्या, सासरचं नावही एकच. दोघींच्या बाटल्या एकाच डब्यातून आल्या. आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर नोकरीच्या शेवटाला आलेल्या, कामाला चोख बाई. त्यांनी एक बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, कच्चं पडलेलीच्या उशाशी गेल्या आणि चिठ्ठीवरचं नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं, "तू अमक्याची ना गं?"

बाईने पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, "हाव."

ते नाव तिच्या नवऱ्याचं नव्हतं. मग हाव का म्हणाली? याचा मी पुढे खूप विचार केला. नवऱ्याच्या नावाचा विषय निघाला की मान खाली घालायची, हे अंगात मुरलेलं. आणि पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने काही विचारलं की हाव म्हणायचं, हेही. तहसीलात काय, शाळेत काय, न्हाई म्हणणाऱ्याचं काम होत नाही, हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. त्यात तिला धड शुद्ध कुठं होती!

थोड्या वेळात तिला हुडहुडी भरली. रक्त बर्फातलं, तेव्हा थंडी वाजणारच, असं म्हणून घोंगडं घातलं. मग ती म्हणाली, "कंबर मोडली माय." मग, "छातीवर कोणतरी बसून राहिलंय." तिची आई पायाशी बसून तळवे चोळत होती. मॅडम, म्हणजे आमच्या बायांच्या डॉक्टर, धावत आल्या, त्यांनी आधी बाटली उतरवली आणि नंतर चिठ्ठी वाचली. त्यांचा चेहरा बघून मला कळलं. लघवी काळ्या चहासारखी उतरली, पुढे तीही थांबली. जे काही इलाज होते ते केले. दिवेलागणीला ती गेली.

साहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. साहेब म्हणजे इस्पितळाचे मुख्य डॉक्टर. ते शांतपणे म्हणाले, "जिल्हा नवा, सगळ्यांची नजर आपल्यावर. सुरुवातीलाच बोभाटा झाला तर उद्या इथं कोण येईल? नातेवाइकांना सांगा, रक्त मानवलं नाही. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं, हीच त्यातली खुबी. मी म्हणाले, "साहेब, चूक झाली असं सांगू या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही नोकरीत कायम झालात का हो सिस्टर?" मी झाले नव्हते. मॅडमनी माझा हात दाबला आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "झालं ते आता आपल्या हातात नाही. पुन्हा होणार नाही एवढं बघू." साहेबांनी स्वतः जाऊन त्या आईला सांगितलं, "मावशी, तुमच्या लेकीला रक्त मानवलं नाही." तीही हाव म्हणाली. मला त्या क्षणी साहेबांचा इतका राग आला की मी आत जाऊन पिंपाचं झाकण उगाच आदळलं. मोठ्या सिस्टर दुसऱ्या दिवसापासून रजेवर गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत.

मॅडम वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी राउंडला एक प्रकार केला. एका बाळंतिणीजवळ उभं राहून विचारलं, "तू कलेक्टरची बायको ना?" नव्या जिल्ह्याला नवे कलेक्टर आले होते, त्यांची बायको फाटक्या लुगड्यात आमच्या वॉर्डात! बाई म्हणाली, "हाव, बाई." सगळा वॉर्ड खदखदून हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "विचारायचंच नाही. ज्याच्यावर माणसाला उत्तर द्यावं लागतं असं काही ठेवायचंच नाही."

युक्ती त्यांना बसस्टँडवर सुचली. तिथं सायकल ठेवली की एक बिल्ला सायकलला अडकवतात, त्याच्या जोडीचा आपल्या हातात देतात. मॅडम म्हणाल्या, सायकल हरवत नाही, मग बाई कशी हरवते? पण बिल्ले कशाचे करायचे? कागद घामाने भिजतो, पत्रा कापतो. मी म्हणाले, एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आहेत. फिल्म भिजत नाही, फाटत नाही, कात्रीने कापता येते. गरम सोड्याच्या पाण्यात ठेवली की वरचं काळं सुटतं आणि खाली स्वच्छ पट्टी राहते.

यावर दोन भांडणं झाली. पहिलं कारकुनाशी. जुन्या फिल्मांत चांदी असते, त्यांचा लिलाव होतो, ती सरकारी मालमत्ता आहे, तिला कात्री लावाल तर बघा, असा त्याने दम भरला. मी त्याला विचारलं, काळं खरवडून त्यातली तुझी चांदी तुलाच परत देते, चालेल? दुसरं भांडण पाण्याचं. रोग्यांना प्यायला पाणी नाही आणि सिस्टर फोटो धुतात, असं ओसरीतल्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली. त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी एक्स-रेवाल्याच्या अंधाऱ्या खोलीतलं वापरून झालेलं पाणी आम्ही मागून घेतलं आणि त्यातच सोडा टाकून काम भागवलं. हात सोलवटून निघाले.

पट्टीवर सुईने नाव कोरायचं आणि वर जांभळं औषध चोळायचं, म्हणजे अक्षरं उमटायची. नाव घ्यायचं ते भरती होतानाच, सोबतच्या पुरुषाकडून. मग पट्टी मधोमध कापायची, पण सरळ नाही, वेडीवाकडी. अर्धी बाईच्या मनगटाला गॉजने बांधायची, कडेला चिकटपट्टी लावून, म्हणजे टोचणार नाही. अर्धी नळीच्या गळ्याला बांधून लातूरला जायची आणि तिथून बाटलीच्या गळ्यात परत यायची. बाटली लावायच्या आधी दोन्ही अर्धकं शेजारी धरायची. कड कडेला बसली तर बाटली लावायची, नाहीतर नाही. वाचता न येणाऱ्या, झाडलोटीच्या आयासुद्धा ते बघू शकत. बायकांनी आधी कुरकुर केली, हिरव्या चुड्याशेजारी हे कसलं अभद्र बांधता म्हणून. मी तोंड सोडलं की गप्प बसत.

लवकरच त्याचा उपयोग झाला. एका दुपारी कड बसेना. डबा रिकामा केला तर हिची बाटली तळाशी होती, हातातली दुसऱ्याच बाईची निघाली. मी आणि मॅडमनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींचेही डोळे भरून आले. पुढे ही गोष्ट लातूरला गेली. अधिकारी जीपमधून आले, मनगटं बघितली, फोटो काढले, साहेबांच्या गळ्यात हार पडला. नव्या जिल्ह्याला दाखवायला काहीतरी हवंच होतं. साहेबांनी भाषणात सांगितलं की या इस्पितळात रुग्णाची सुरक्षा पहिली. टाळ्या मीही वाजवल्या, कारण पट्टी खरोखर चांगली होती आणि मला तिचा अभिमान होता. त्या गेलेल्या बाईची आठवण यायची. पण वाटायचं, तिच्या निमित्ताने एवढं तरी झालं.

पुढे पुन्हा पाऊस गेला. विहीर पुन्हा तळाला गेली. त्या उन्हाळ्यात एक पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला इस्पितळात आणलं. सोबत आई आणि नवरा. नवरा चांगला वयस्क, कानशिलं पिकलेली. आईला मी ओळखलं, तिनेही मला ओळखलं. गेलेल्या बाईची ती आई, आणि ही तिची धाकटी लेक. नाव नवऱ्याकडून घेतलं, पट्टी बांधली, अंगात रक्त कमी म्हणून नमुना आधीच पाठवला. बाटली आली. कड बसली. मी ती उशाशी तयार ठेवली आणि मनात म्हटलं, या घराला आता काही होऊ देणार नाही.

बाळ सुखरूप झालं, पण मागून रक्त जायला लागलं ते थांबेना. मॅडमनी हात घालून दाबून धरलं होतं. मी बाटली अडकवायला गेले तर आईने लेकीचा हात दोन्ही हातांनी कवटाळला.

"न्हाई घालू देणार. थोरलीला मानवलं न्हाई. आमच्या घरच्या लेकीयला रक्त सोसतच न्हाई."

"मावशी, सोडा हात. हे हिच्याशी जुळवून आणलंय."

"तुमच्याच सायबानं सांगितलं हुतं. सारं गाव तेच म्हणून राहिलं. खराब रक्ताच्या पोरी हायत म्हणत्यात. हिची सुपारी फुटलेली, मोडली. मास्तर पोरगा हुता, त्याच्या घरचे म्हणले, नगं ते रक्त आमच्या घरात. मंग ह्या बिजवराला दिली म्या."

रक्त मानवलं नाही. साहेबांनी हे तीन शब्द इस्पितळाचं नाव राखायला काढले होते. ते त्या आईच्या पाठोपाठ गावात गेले होते, पंगतीत बसले होते, सोयरिकीत बोलले होते. आणि आम्ही इथं पट्ट्या कापत होतो.

पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते. मॅडम ओरडल्या, "सिस्टर, बोला त्यांच्याशी." काय बोला ते त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हा दोघींना माहीत होतं.

मी म्हणाले, "मावशी, तुमच्या थोरल्या लेकीचं रक्त चांगलं होतं. तिला दुसऱ्या बाईची बाटली लावली गेली. चूक इस्पितळाची होती."

तिचा हात सुटला नाही.

"तवा सायेब म्हणला मानवलं न्हाई. आज तुमी म्हणता चूक झाली. म्या कुणाचं खरं धरू?"

"माझं."

"मंग माझ्या कानात नगं बोलू. भाहेर जावई बसलाय, गावची माणसं बसलीत. त्यायला ऐकू जाऊ दे."

मी दाराशी गेले. ओसरीत तिचा जावई होता, गावची चार माणसं होती, आणि गलबला ऐकून साहेबही खोलीतून बाहेर आले होते. माझा मुळातला मोठा आवाज तेव्हा कामी आला. मी सांगितलं, या बाईची थोरली लेक आमच्या चुकीने मेली. दुसऱ्याची बाटली लावल्याने मेली. या घराच्या रक्तात काही खोट नाही. साहेब म्हणाले, "सिस्टर!" मी ऐकलं नाही, पुन्हा एकदा सगळं तसंच्या तसं सांगितलं आणि आत आले.

आईने लेकीचा हात सोडला. सोडला तो मला मारायला. कानशिलात अशी बसली की मी पाण्याच्या पिंपावर आदळले. तेवढ्यात मॅडमनी वॉर्डातल्या आयाला दाबायला लावलं, स्वतः पोरीचा हात धरला, सुई घातली आणि बाटली टांगली. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि ओरडून रडायला लागली. थोरली मेली त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. मला लागलं होतं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या रडण्याचं. मीही रडले असते, पण रक्ताचे थेंब मोजायचे होते.

पोर वाचली. पहिल्या रात्री भरवसा नव्हता, दुसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं. आई माझ्याशी बोलली नाही. साहेबही बोलले नाहीत, त्यांनी वर लिहिलं. माझी चौकशी बसली आणि बसल्या जागी झोपली, पण बदलीचा हुकूम मात्र जागा होता. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या बाजूला. मॅडम म्हणाल्या, मी पण लिहिते, तुमच्या बाजूने. त्यांनी लिहिलं असेल. मनगटावरच्या पट्ट्या चालू राहिल्या.

मी जायच्या आदल्या दिवशी त्या पोरीला घरी सोडलं. सकाळी मी तिच्या हाताची पट्टी सोडवायला कात्री घेऊन बसले. आई बाहेर भांडी आवरत होती. बाळ मांडीवर झोपलं होतं. अंगात जरा रंग आला होता, आणि तेव्हा कळलं की पोर दिसायला देखणी आहे. मी म्हणाले, "आता जप. लगेच खडीवर जाऊ नको." काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

ती म्हणाली, "सिस्टर, त्या दिशी तुमी भाहेर जाऊन बोलल्या ते म्या समदं ऐकलं."

मला वाटलं आता आभार मानेल. माणसाला हाव असतेच.

"ते मास्तर रोज आमच्या वेशीवरून शाळंला जातेत," ती म्हणाली. "अजून लगीन केलं न्हाई त्यायनं."

मी गॉज कापत राहिले.

"तुमी येवढं बोलायला दोन दुष्काळ लावले."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने बाळ उचललं, पदर सावरला आणि खाटेवरून उतरली. दारात तिचा नवरा बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे करून उभा होता.